देवाचे आठ उंदीर

"हळू धर गं बाई, त्याचंबी पोट हाय. पाण्याची पिशवी न्हवं ती."

हा आवाज येसाआक्काचा. तीस वर्षं उलटून गेली, तरी वर्गात एखादी मुलगी उंदराला चिमटीत आवळायला लागली की माझ्याच तोंडून तो हेल बाहेर पडतो आणि मुली एकमेकींकडे बघून हसतात.

त्या दिवशी माझ्या डाव्या हातात पांढरा उंदीर होता, उजव्या हातात सुई, आणि घाम भुवईवरून डोळ्यांत उतरत होता. आमच्या जनावरांच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. तिला सगळे उंदीरखाना म्हणत. लाकडाच्या भुशाचा, ओल्या चण्यांचा आणि फिनेलचा असा तिथला एक मिळून वास होता. येसाआक्का तिथे नऊ वर्षं रोजंदारीवर होती. पिंजरे घासायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, आणि आम्ही सुया घेऊन बसलो की उंदीर धरायचे.

"आण इकडं," म्हणत तिने तो माझ्याकडून घेतला. मानेमागचं सैल कातडं अंगठ्यात आणि बोटात घेतलं, शेपूट करंगळीखाली दाबली. उंदराचे कान तिच्या बोटांत बुडाले आणि तो तिच्या तळव्यावर उताणा होऊन चक्क स्वस्थ पडला. गुलाबी पोट तेवढं वरखाली होत होतं.

"टोच आता."

मी टोचलं. "हे कुठं शिकलात आक्का?"

"शिकायचं काय त्यात? जन्मभर कोकरं धरल्यात. ह्यो त्येंचाच धाकला भाऊ." मग माझ्या कोटावरच्या नावाच्या पट्टीकडे बोट करून म्हणाली, "म्याडम, ह्ये काय लिवलंय?"

"शालन लवटे."

"लवटे? म्हंजे माणदेशातलं मेंढरंवालं?"

"हो. आमचे तात्या अजून राखतात. दीडशे मेंढरं आहेत."

"अगं मग मी मगाधरनं म्याडम-म्याडम काय करतीया!" ती मोकळं हसली. "माझंबी म्हायेर तिकडंच. शालनच म्हनीन मी आता. सायबाम्होरं म्हनीन म्याडम."

त्या दिवसापासून मी शालन झाले. सकाळी पिंजऱ्यांतला भुसा बदलताना ती काही ना काही गुणगुणायची. जात्यावरचे शब्द तिथे येताना वाटेत उंदरांचे होऊन जायचे.

*पांढरं माझं गोत, भुशामंदी निजलं*
*दानं टाकते ओंजळीनं, पानी बाटलीनं पाजलं*

मी वही घेऊन दारात उभी राहिले की ती थांबायची आणि म्हणायची, "लिवू नगं. उंदरांस्नी लाज वाटती."

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात होते. माझे मार्गदर्शक निफाडकर सर. उंच, वाकलेले, चष्म्याची दांडी सुताने बांधलेली. मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांनी अकरा वर्षं एकाच जंतूमागे घालवली होती. मेंढ्या-बकऱ्यांना गाभडायला लावणारा तो जंतू. मेंढी चौथ्या महिन्यात गाभ टाकते, आणि ते मेलेलं पिल्लू जो हाताने ओढून काढतो, किंवा तिचं कच्चं दूध पितो, त्याच्याही अंगात तो शिरतो. मग ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात. रात्रीचे कपडे घामाने पिळून काढावे लागतात. माणूस मरत नाही, पण कामातून जातो.

हे मला पुस्तकात वाचायची गरज पडली नव्हती. आमच्याकडे आदल्या वर्षी अकरा मेंढ्या गाभडल्या होत्या. त्यांतल्या सात जणींची पिल्लं माझ्या थोरल्या भावाने, सिदूदादाने, कोपरापर्यंत हात घालून काढली होती. पावसाळा सरला तसा तो तापाला लागला. गडी एका दमात डोंगर चढून यायचा, तो आता बाजेवरून उठताना खांब धरायचा.

सरांनी काय शोधलं होतं, ते मी आक्काला एकदा सांगायचा प्रयत्न केला.

"जंतूच्या अंगाला वरून एक आवरण असतं, आक्का. त्या आवरणात प्रथिनं असतात. समजा, जंतूने घोंगडी पांघरलीय आणि प्रथिन म्हणजे त्या घोंगडीतला धागा. सरांनी त्यातला एक धागा वेगळा काढला. जंतू नाही, नुसता धागा. तो आधी टोचायचा. शरीर तो ओळखून ठेवतं. मग खरा जंतू आला की..."

"कुत्रं भुंकतंय."

"हां! तसंच."

"म्हंजे चोराचं घोंगडं कुत्र्याला आदुगर हुंगाय द्यायचं." ती भुशाची पाटी खाली ठेवून विचारात पडली. "पर कुत्रं आळशी निघालं तर? हुंगून झोपी गेलं तर?"

"तेच तर बघायचंय. म्हणून हे चोवीस उंदीर."

आठ-आठचे तीन पिंजरे होते. वरच्या पिंजऱ्यातल्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. मधल्यांना सरांचं प्रथिन. खालच्यांना जुनी लस, जी जगात सगळीकडे वापरतात, पण गाभण जनावराला दिली तर त्यालाच गाभडवते, म्हणून तर सरांचा सगळा खटाटोप. मग महिन्याने तिन्ही पिंजऱ्यांतल्या सगळ्यांना सारखाच जिवंत जंतू टोचायचा. पंधरा दिवसांनी सगळ्यांना मारून प्रत्येकाची प्लीहा काढायची. गावाकडे तिला पानथरी म्हणतात. ती वाटून बशीत पसरायची आणि किती जंतू वाढतात ते बघायचं. मिठाच्या पाण्याच्यांत शेकडो वाढले आणि प्रथिनवाल्यांत थोडे, तर प्रथिन राखतं. दोन्हीकडे सारखे वाढले, तर अकरा वर्षं पाण्यात.

पिंजरे गडबडू नयेत म्हणून कानांवर खुणा करायच्या होत्या. वरच्यांना खूण नाही. खालच्यांच्या उजव्या कानाला भोक. मधल्यांच्या डाव्या कानाच्या टोकाला काप.

खुणा करायला बसले त्याच सकाळी घरून पत्र आलं होतं. शेजारच्या मास्तरांकडून तात्यांनी लिहवून घेतलेलं. सिदूला आता हात वर करून पागोटं बांधता येत नाही, एवढंच होतं त्यात. बाकी सगळे खुशाल.

मी कात्री घेतली आणि मधल्या पिंजऱ्यातल्या पहिल्या उंदराचा कान कापला. कसा कापला ते कापल्यावर कळलं. टोकाला सरळ काप, आणि त्याच्या मुळाशी एक बारीक तिरका. आमच्या वस्तीवर कळपातलं एखादं कोकरू देवाच्या नावाने सोडतात, त्याच्या कानाला असाच काप देतात. हाताने आपल्या मनाने तो केला होता. मग मी उरलेल्या सातांनाही तसाच केला.

आक्का उंदीर धरत होती. तिने एक कान बोटावर घेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो काप गं?"

"हे देवाचे आहेत, आक्का," मी म्हणाले. थोडं हसण्यावारी, थोडं नव्हे. "आमच्या दादासाठी सोडलेत. यांनी राखलं तर दादाची मेंढरं राखली जातील."

 तिने तो उंदीर पिंजऱ्यात ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला.

महिन्याने जिवंत जंतू टोचायचा दिवस आला. दुहेरी हातमोजे, तोंडाला फडकं, डोळ्यांवर जाड चष्मा, समोर काचेची पेटी. पेटीच्या भोकांतून आत हात घालून काम करायचं. शेजारच्या खोलीत पिंजरे. आक्का तिथून एकेक उंदीर आणणार, पेटीत धरणार, मी पोटात टोचणार, ती तो परत ठेवून दुसरा आणणार.

"पहिल्या पिंजऱ्यातला पहिला," मी म्हणे, आणि टोचून झालं की कागदावर रेघ ओढे. आठ झाले. "आता मधला पिंजरा." आठ झाले. "आता खालचा."

मधल्या पिंजऱ्याच्या वेळी आक्का पुटपुटत होती. मी तोंडावरच्या फडक्यातून विचारलं, "काय म्हणताय?"

"काय न्हाई. तू सुईकडं ध्यान दे."

पंधरा दिवसांनी आम्ही चोवीस प्लीहा काढल्या. मिठाच्या पाण्याच्यांच्या सुजून काळपट झालेल्या, खारकेएवढ्या. मधल्या पिंजऱ्यातल्यांच्या बारीक, लालसर, दुधी भोपळ्याच्या बीसारख्या. सर एकेक वजनाच्या काट्यावर ठेवत होते.

"आकडा लिहा, लवटे. बोलू नका. आकडा बोलेल."

पाच दिवसांनी बशा उघडल्या. वरच्या पिंजऱ्याच्या बशांवर मधाच्या थेंबांसारखे ठिपकेच ठिपके. खालच्यांच्या बशांवर तुरळक. मधल्या आठ बशा स्वच्छ. मी त्या उजेडाकडे धरून फिरवल्या. एकही ठिपका नाही.

"एकही नाही?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठांत मिळून एकही?"

"नाही सर."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आमच्या सौ. असत्या तर आज जिलेबी आणवली असती त्यांनी. म्हणायच्या, माझी सवत तुमच्या त्या बाटल्यांत राहते." आणि ते इतके मोकळे हसले की मीही हसले. त्यांना तसं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचा कळप आहे ना? अकरा गाभडल्या म्हणालात."

"हो सर. आणि तात्यांनी मामांच्या कळपातल्या तीस कोवळ्या मेंढ्या आणल्यात. पण वेगळ्या ठेवल्यात. जुन्या कळपात मिसळायला भितात."

"मग त्या तीस आपल्या." सर उभेच राहिले. "मार्चनंतर मला कोण विचारणार? मोठी चाचणी लोक करतील, परवानग्या घेतील, वर्षं लावतील. मला एकदा, एका खऱ्या कळपात बघायचंय. पुढच्या गुरुवारी जाऊ. बूस्टर महिन्याने. मग मिसळू देत त्यांना."

मी त्या संध्याकाळी घरी पत्र टाकलं. तात्यांचा निरोप एसटीच्या कंडक्टरकडून आला. गुरुवारी वाट बघतो, सायबांना जेवायला काय चालतं ते कळव.

मी हे सगळं आनंदाने केलं. फक्त एक बारीकशी गोष्ट मनात राहिली होती. आठांतला एकही नाही, हे कसं? जुन्या लसीच्यांतही तुरळक ठिपके होते. राखणारं कुत्रं कितीही जागं असलं तरी चोर अंगणात आल्याची काही तरी खूण राहते. इथे अंगणच शेणाने सारवल्यासारखं होतं.

प्रबंधाच्या तक्त्यात रक्ताच्या चाचणीचा एक रकाना रिकामा होता. मंगळवारी सकाळी तो भरायला बसले. उंदीर मारायच्या आधी घेतलेलं रक्त गोठू देऊन वर सुटलेलं पाणी काढून ठेवलं होतं. चाचणी सोपी असते. गुलाबी द्रावणाचा एक थेंब असतो, त्यात मेलेले, रंगवलेले जंतू. त्यात रक्ताच्या पाण्याचा थेंब मिसळून पांढरी फरशी हलवत राहायची. ज्याच्या अंगात अख्खा जंतू कधी तरी शिरलाय, त्याच्या थेंबात चार मिनिटांत दाणे धरतात, दूध नासल्यासारखे. मग त्याने तो जंतू जिरवलेला असो वा नसो. नुसत्या प्रथिनाने दाणे धरत नाहीत.

वरचा पिंजरा. आठही थेंबांत दाणे, एकेकाचे ज्वारीएवढे. खालचा पिंजरा. आठही थेंबांत दाणे.

मधला पिंजरा. पहिला थेंब गुलाबी, सपाट. मी चार मिनिटं हलवली, मग आठ मिनिटं. दुसरा सपाट. तिसरा. आठव्यापर्यंत माझा हात भरून आला होता.

त्यांनी जंतू हरवला नव्हता. त्यांनी जंतू पाहिलाच नव्हता.

मी फरशी तशीच ठेवून मागच्या नळावर गेले. आक्का सोड्याच्या पाण्याने पिंजरे घासत होती. दुपारचं ऊन तिच्या पाठीवर होतं.

"आक्का, त्या दिवशी उंदीर कुठल्या पिंजऱ्यांतून आणत होता तुम्ही?"

"कंच्या दिशी?"

"जंतू टोचले त्या दिवशी."

"सांगशील त्या पिंजऱ्यातनं."

"मधल्यातून आणले होते?"

तिचा काथ्या थांबला नाही. पण एकाच जाळीवर तो फिरत राहिला.

"आक्का."

"मधली देवाची न्हवती का?" ती म्हणाली.

मी खाली बसले. नळाच्या कट्ट्यावर, ओल्यातच.

"देवाच्या जनावराला रोग लावत्यात व्हय गं?" आता तिने काथ्या ठेवला. "तूच काप दिलास. तूच म्हनलीस दादासाठी सोडल्यात म्हनून. मग त्येंच्या पोटात त्यो घाण जंतू मी माझ्या हातानं कसा घालू दिऊ?"

"पण शेवटी मारलेच की आपण ते! तुम्हाला ठाऊक होतं, पंधरा दिवसांनी सगळेच मरणार."

"मारली न्हाईत. दिली." तिने लुगड्याच्या पदराने हात पुसले. "देवाचं जनावर देवाकडं जायाचंच असतंय. त्येचं दुख न्हाई. पर निर्मळ जाया पायजे. लंगडं, खरजुलं, रोगाट दिलं तर देव घेतो का? फिरवून लावतो. मग तुझ्या भावाचा ताप कसा उतरायचा?"

 ती मला समजावत होती, लहान पोरीला समजवावं तसं.

"मग मधल्यांच्या वेळी कुठले आणलेत?"

"बिनखुणंचे. वरचेच आठ, पुन्यांदा. कान माझ्या बोटात होते, तुला कुठनं दिसणार? दुसऱ्या डावाला हरेकाची माफी मागितली मी. म्हनलं, तुमच्या नावानं कुनी काप दिला न्हाई रं लेकरांनो, म्हनून तुमच्यावर दोनदा आली."

पुटपुटत होती ती हेच.

मला हसू येत होतं की रडू, कळेना. तिला वाटलं रडतेय. तिने ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग मी सांगितलं. आठ बशा स्वच्छ का निघाल्या ते. सर काय समजून बसलेत ते. गुरुवारी जीप कुठे जाणार ते.

ती ऐकत गेली आणि तिचा हात हळूहळू माझ्या डोक्यावरून निघाला.

"म्हंजे औषीद खोटं हाय?"

"खोटं नाही. खरं की खोटं तेच आपण बघितलं नाही."

"आन तुझ्या बापाची तीस मेंढरं?"

"टोचली की ती राखली गेली असं समजून तात्या त्यांना जुन्या कळपात सोडतील."

"मग ती गाभडतील."

"गाभडू शकतील."

"आन सिदू पुन्यांदा हात घालंल." ती उठली. उंदीरखान्याच्या दारापर्यंत गेली, परत आली. एकदम म्हातारी दिसायला लागली होती. "मला काय म्हाईत गं बाई. मला वाटलं, तुमचं कागदावरचं काम कागदावर हुतंय. देवाचं देवाकडं." आणि मग, नऊ महिन्यांत पहिल्यांदाच साहेब समोर नसताना, "म्याडम, सायबास्नी सांगा. माझं नाव घालून सांगा. जाईना का काम."

ते 'म्याडम' मला फार लागलं.

मी सांगते म्हणाले. आणि सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी सरांच्या खोलीत गेले. टेबलावर आक्काला कायम करण्याचा अर्ज होता, सरांची शिफारस वळणदार अक्षरात लिहून झालेली. ते म्हणाले, "निवृत्तीआधी एवढं एक करून जातो. नऊ वर्षं झाली त्या बाईला." मी रक्ताचा तक्ता पाठीमागे धरून उभी होते. "काही काम होतं का, लवटे?" मी म्हणाले, "नाही सर." बुधवारी सकाळी गेले तर ते प्रथिनाच्या बाटल्या बर्फात रचत होते आणि शीळ वाजवत होते. मी पुन्हा परतले. दोन्ही वेळा मी मनाशी म्हटलं की हे मी आक्कासाठी करतेय. रात्री अंथरुणावर मला कळे की एकट्या आक्कासाठी नाही. माझा प्रबंध त्या आठ बशांवर उभा होता. आणि तात्यांनी त्या दिवसासाठी बोकड राखला होता.

बुधवारी दुपारी उंदीरखान्यात गेले. आक्का भुसा चाळत होती. गात नव्हती.

"सांगितलं का?"

"उद्या सांगते. वाटेत."

तिने चाळण आपटली. "उद्याचा रस्ता किती लांब हाय?" एवढंच म्हणाली.

गुरुवारी जीपमध्ये सर पुढे, मी मागे, पायांपाशी बर्फाची पेटी. सर सगळ्या वाटेने बोलत होते. म्हसवडच्या पुढे माळ लागला तशी त्यांनी मान वळवून विचारलं, "लवटे, तुम्ही गप्प का? भावाची काळजी?"

"हो सर."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर सोपं गेलं.

वस्तीवर माणसं जमली होती. एका बाजूला जाळीच्या कुंपणात, वाघरीत, त्या तीस मेंढ्या, अंगावर अजून कोवळेपणाची चमक. पलीकडे, बांधाच्या दुसऱ्या अंगाला, जुना कळप. मधल्या मोकळ्या जागेत बाज टाकलेली, तिच्यावर सिदूदादा. टळटळीत दुपारी तो घोंगडी पांघरून बसला होता. मला बघून त्याने हात वर करायचा प्रयत्न केला, तो छातीपाशीच थांबला. तिथूनच त्याने बोटं हलवली.

"आली का डाक्टरीन?" तो म्हणाला. "किती वाळलीस गं. उंदरांचा दाणा तू खातीस का काय?"

"आधी तू आरसा बघ," मी म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

तात्यांनी सरांच्या पायांना हात लावला. सर संकोचून मागे सरले. "अहो, हे काय करताय? सगळं तुमच्या मुलीने केलंय."

"पोरीनं केलं ते पोरीचं. तुमी वाट दावली." तात्या वाघरीत शिरले आणि पहिली मेंढी गुडघ्यांत धरून बसले. म्हणाले, "सायेब, एक मागनं हाय. पहिली सुई शालनच्या हातची पायजे. आमच्या सात पिढ्यांत मेंढराला तापल्या सळईनं डाग देनारं झालं, पाला वाटून पाजनारं झालं. सुई देनारं कुनी न्हवतं."

"अवश्य," सर म्हणाले. त्यांनी स्वतः सुई भरली, उजेडात धरून हवा काढली आणि माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी वाघरीत गेले. मेंढीच्या अंगाची ऊब हाताला लागली. तात्यांनी मांडीवरची लोकर बोटांनी बाजूला केली आणि गुलाबी कातडं मोकळं केलं.

"संध्याकाळी कवाड काढतो," ते हळूच मला म्हणाले. "ह्येंनाबी मिसळतो. लई दिस येगळी ठेवली. दोन ठिकानी राखायचं म्हंजे सिदूला उठावं लागतं बघ, आजारपनात. आता उठायला नगं त्येला."

"तात्या, सायबांनी महिन्यानं दुसरी सुई सांगितलीय."

"दुसरी घिऊ की. पर पहिलीनं निम्मं तरी काम हुतंयच का न्हाई?"

बांधापलीकडून जुन्या कळपातली एक मेंढी ओरडली, आणि वाघरीतल्या तिसांनी एकदम माना वळवल्या.

"दे बाई," तात्या म्हणाले. "भिऊ नगंस. मी धरलीय."

मी सुईचं टोपण लावलं. 

"तात्या, सोडा तिला."

"का गं?"

"सोडा. आणि कवाड काढू नका. आज नाही, उद्या नाही, मी सांगेपर्यंत नाही."

सर वाघरीपाशी आले. "लवटे? काय झालं?"

मी सुई त्यांच्यापुढे धरली. तात्या खाली बसूनच वर बघत होते. मेंढी त्यांच्या गुडघ्यांतून सुटून बाकीच्यांत जाऊन मिसळली होती. बाजेवरून सिदूदादाही मान उंचावून बघत होता.

"सर, आपल्या औषधाने ते आठ उंदीर राखले नाहीत. त्यांना रोग दिलाच गेला नव्हता. मी सुया टोचत होते, रेघा ओढत होते, आणि कुठला उंदीर समोर आहे ते एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या रक्तात काही नाही, सर, आठांच्याही. औषध राखतं की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला नाही, मलाही नाही."

सरांनी सुई माझ्या हातातून घेतली. तात्यांकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी सिदूदादाकडे बघूनच पुढचं बोलले.

"आणि हे मला मंगळवारपासून माहीत आहे."